तर्रीची तयारी : अ‍ॅजिलिटीच्या पहिल्या मैदानापर्यंतच्या नोंदी

२६ मे २०२४

कालपासून नवतपा लागला, म्हणजे नागपुरी उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस. सकाळी साडेसहानंतर कुत्रीला बाहेर काढायचं नाही, हा घरचा नियम. बाहेर काही करता येत नसेल तर निदान काय करायचं ते लिहून काढू, म्हणून ही वही.

कुत्री देशी, नाव तर्री. रंग विटकरी, पाठीवर चण्याच्या तर्रीवर तवंग असतो तशी काळपट झाक, त्यामुळे भाच्याने नाव ठेवलं आणि ते चिकटलं. पक्के दात सगळे आले आहेत, त्यावरून डॉक्टरांनी वय सहा-सात महिने सांगितलं. म्हणजे जन्म साधारण गेल्या नोव्हेंबरचा.

काम असं: फेब्रुवारीत हिंगणा रोडच्या बाजूला एका शेतावर कुत्रेवाली मंडळी जमून अ‍ॅजिलिटीची, म्हणजे कुत्र्यांच्या अडथळ्यांच्या शर्यतीची, सराव-स्पर्धा घेतात. तिथल्या नवशिक्या गटात तिला पळवायचं. त्या गटात बुटक्या उड्या आणि बोगदे एवढंच असतं. चढ-उताराच्या फळ्या नाहीत, वीव्ह पोल, म्हणजे नागमोडी पळायचे खांब, नाहीत. मोठ्या स्पर्धेची आत्ता घाई नाही. एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वानसंघटनेच्या नियमांत अठरा महिन्यांखालच्या कुत्र्याला उतरताच येत नाही, आणि तो नियम मला पटतो. पायांच्या हाडांच्या टोकांशी वाढीच्या पट्ट्या असतात. त्या बंद होईपर्यंत रोज पूर्ण उंचीच्या उड्या मारायला लावणं म्हणजे पुढच्या सहा-सात वर्षांचा खेळ आधीच खर्च करणं.

खेळाबद्दल थोडं, कारण घरी येणारा प्रत्येक माणूस ‘हे सर्कशीतलं का?’ असं विचारतो. १९७८ साली लंडनला क्रफ्ट्स या कुत्र्यांच्या प्रदर्शनात मोठ्या कार्यक्रमांच्या मधल्या वेळेत प्रेक्षकांना काही बघायला मिळावं म्हणून घोड्यांच्या शो-जंपिंगवरून हा प्रकार बेतला. लोकांना तो आवडला, आणि दोनच वर्षांत तिथल्या केनेल क्लबने त्याला खेळ म्हणून मान्यता दिली. कुत्रं मोकळं, दोरी नाही. माणसाच्या हातात खाऊ नाही, खेळणं नाही. कुत्र्याला हात लावायचा नाही, अडथळ्याला हात लावायचा नाही. उरतो तो आवाज, हातवारे आणि पळणं. उडीवरचा आडवा बार पाडला की पाच दोष, अडथळ्यापाशी येऊन नकार दिला की पाच, तीन नकार झाले की बाद. चुकीच्या क्रमाने घेतला तरी बाद.

१ जून

गुरुवारी शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले. यंत्राचा सेन्सर बिघडला होता, हे हवामान खात्याने सांगेपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर नागपूर जगात पहिलं येऊन गेलं होतं. खरा आकडा त्याहून दहाएक अंशांनी कमी. कुत्र्याला तोही फार झाला. निरोगी कुत्र्याचं स्वतःचं तापमान ३८.३ ते ३९.२. घाम फक्त पंजांच्या गाद्यांतून, बाकी सगळा भार धापेवर. कूलरसमोर थंड वाटतं खरं, पण दारंखिडक्या बंद ठेवल्या तर खोलीत दमटपणा साठतो आणि धापेचा उपयोग कमी होतो. म्हणून एक खिडकी उघडी, सराव पाच मिनिटं, मग फरशीवर आडवं पडणं. आडवं पडण्यात तर्री वाकबगार आहे.

हॉलमध्ये चाललेलं काम एकच: उलटं घमेलं. पुढचे दोन पाय घमेल्यावर, आणि मागचा भाग गोल फिरवायचा. बहुतेक कुत्र्यांना मागचे पाय आपले आहेत याची फारशी खबर नसते. पुढचे जातील तिकडे ते येतात. पुढे फूटभर रुंद फळीवरून पळायचं तर ती खबर लागते. पाय योग्य सरकला की ‘हो!’ आणि लगेच उकडलेल्या कलेजीचा तुकडा. तिला कलेजीपेक्षा जुन्या दुपट्ट्याचा पीळ ओढायला जास्त आवडतो. ही फार चांगली बातमी. खाऊसाठी कुत्रं तुमच्याजवळ थांबतं, ओढाओढीसाठी ते तुमच्यामागे पळतं, आणि या खेळात पळायचंच आहे.

२३ जून

पाऊस आला आणि घरामागच्या प्लॉटची काळी माती दोन दिवसांत चपलेला लागून घरात आली. उन्हाळ्यात हिच्यात हात जाईल एवढ्या भेगा, आता लोणी. या मातीवर वळण घेताना कुत्र्याचा मागचा पाय सरकतो, म्हणून पावसाळाभर तिथे उडी नाही. मुरुमाच्या मैदानावर पाय सरकत नाही, पण पंजे सोलतात. हरळी दाट असलेली जागा शोधायची आहे.

तोवर सामान. इतवारीतून पाऊण इंची पीव्हीसी पाइप, टी, एल्बो, एंड कॅप आणली. उडीचा सांगाडा सॉल्व्हंटने चिकटवायचा, पण आडवा बार नुसता टेकवलेला, धक्का लागताच पडला पाहिजे. दुकानदार काकांना हे काही केल्या रुचेना. पडणारी वस्तू मुद्दाम कोण बनवतं? बारवर निळी आणि पिवळी टेप. लाल टेप देखणी दिसते, पण कुत्र्याला लाल-हिरव्यातला फरक जवळजवळ दिसत नाही. गवतावर लाल बार तिच्या लेखी गवतच. पाइप उन्हात ठेवायचे नाहीत, एका उन्हाळ्यात ठिसूळ होतात.

बोगदा विकतचाच. ६० सेंटिमीटर व्यासाचा खरा बोगदा महाग पडला, पण लहान मुलांचा कापडी बोगदा आतून सुटतो आणि कुत्रं एकदा त्यात गुरफटलं की महिनाभर तोंड घालत नाही. दोन्ही बाजूंना टेकवायला वाळूच्या पिशव्या आईने शिवून दिल्या.

१४ जुलै

कामठीहून सुभेदार काका आले. फौजेच्या श्वानपथकात नोकरी झाली, मेरठला आरव्हीसीच्या, म्हणजे लष्कराच्या पशुवैद्यकीय दलाच्या, केंद्रात प्रशिक्षण घेतलेलं. मला वाटलं होतं शिस्तीचं भाषण होईल. ते खुर्ची टाकून बसले आणि बराच वेळ तर्रीकडे नाही, माझ्याकडेच बघत राहिले.

“पोरी, तू तोंडानं उजवं म्हणून राहिली अन् खांदे डावीकडं. ते कुत्रं कोनाचं आयकन?”

कुत्रा सगळ्यात आधी आपली चाल बघतो, मग खांदे आणि पाय, हात त्यानंतर, आणि शब्द सगळ्यात शेवटी. त्यामुळे आता अडथळे बाजूला. अंगणातल्या कडुनिंबाला वळसा, पुढे पळणं, तिच्यासमोरून फिरून बाजू बदलणं, म्हणजे फ्रंट क्रॉस. तिच्या मागून बाजू बदलणं, म्हणजे रिअर क्रॉस. रिअर क्रॉस तरुण कुत्र्याला कठीण, कारण माणूस नजरेआड गेला की ते मान वळवून शोधतं आणि वेग जातो. काका म्हणाले, आधी कुत्र्याशिवाय मी एकटीने फिरायचं. शेजारच्या काकू गॅलरीतून बघत होत्या. संध्याकाळी त्यांनी आईला माझी तब्येत विचारली.

मी काकांना फौजेतल्या दटावणीबद्दल विचारलं. “मारून कुत्रं बसते. कामाले नाई लागत.” एवढंच.

१८ ऑगस्ट

काम बंद. गोचीड ताप. मंगळवारी पीळ ओढायला उठली नाही, तेव्हाच शंका आली होती. रक्तात प्लेटलेट खाली. डॉक्सीसायक्लिन चालू आहे, चार आठवड्यांचा कोर्स. पावसाळ्यात गवत शोधत फिरलं की गोचीड येणारच. आता प्रत्येक फेरीनंतर कानामागे, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीखाली बघायचं. जेवतेय.

३ सप्टेंबर

आज तान्हा पोळा आणि मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक. महाल-इतवारीकडे जायचा प्रश्नच नव्हता, पण गल्लीतही सकाळपासून लाकडी बैल, पोरं, ताशे. दुखण्यातून उठलेल्या कुत्रीला घरात कोंडून ठेवावं असं आईचं मत. मी उलट केलं, पण दुरून. कॉलनीच्या टोकाला, जिथून ढोल ऐकू येतो पण छातीत वाजत नाही, तिथे बसलो. ढोल वाजला की कलेजी. थांबला की कलेजी बंद. तिचे कान आधी मागे पडले, मग एक कान पुढे आला, मग ती ढोलाकडे बघून माझ्याकडे बघायला लागली. तेवढ्यावर उठलो. ‘इडा पीडा घेऊन जा गे मारबत’ ओरडत एक टोळकं शेजारून गेलं, तेव्हा तिने शेपूट हलवली.

हे अ‍ॅजिलिटीचं काम आहे का, असं भाच्याने विचारलं. माझ्या मते आजवरचं सगळ्यात जास्त तेच आहे. स्पर्धेच्या जागी स्पीकर, भुंकणारी कुत्री, टाळ्या, मांडवाचं फडफडणारं कापड असणार. उडी तिला आठवड्यात येईल. त्या गोंगाटात उडी आठवणं, याला महिने लागतात.

६ ऑक्टोबर

माजावर आली. फाटकाबाहेर धरमपेठेतले सगळे उमेदवार बसून आहेत, त्यांतला एक तर कान फाटलेला म्हातारा. साधारण तीन आठवडे मैदान बंद. नसबंदी आता नाही. पट्ट्या बंद होण्याआधी केली तर त्या बंद व्हायला उशीर लागतो. डॉक्टरांशी बोलून पुढच्या वर्षीवर ढकललं. (ज्यांचं अंगण बंद नाही त्यांनी माझं ऐकू नये. रस्त्यावर पिल्लं वाढवण्यापेक्षा लवकर केलेली नसबंदी बरी.)

घरात सी-सॉचा आवाज चालू केला. खरी सी-सॉ पुढच्या वर्षी. कुत्री बहुधा तिला भितात ती उंचीमुळे नाही, फळी पायाखालून निसटून जमिनीवर आदळते त्या ‘धप्प’मुळे. म्हणून फळीचं एक टोक उशीवर, तिचा पंजा टेकला की फळी दोन बोटं खाली जाते, कलेजी. मग पातळ उशी. मग सतरंजी. आता ती स्वतःच दोन्ही पंजांनी फळी आपटते आणि वर बघते. खालच्या मजल्यावरच्यांना दिवाळीचा फराळ जास्त द्यावा लागणार.

जमिनीवर ठेवलेल्या बारा फुटी फळीवर टोकाची सवयही लावतेय: मागचे दोन पाय फळीवर, पुढचे दोन जमिनीवर, तिथे थांबायचं. पुढे उंच फळीवरून उतरताना शेवटच्या ९० सेंटिमीटरच्या रंगीत पट्ट्यात पाय पडावाच लागतो. उडी मारून तो पट्टा गाळला की दोष. पळतच उतरणारी कुत्री जिंकतात हे खरं, पण ते शिकवायला जागा आणि अनुभवी माणूस लागतो. आमच्याकडे गॅलरी आहे.

१० नोव्हेंबर

दिवाळी संपली, फटाके विरले, सकाळी हवेत गारवा. नागपुरातला खरा हंगाम आता सुरू: नोव्हेंबर ते फेब्रुवारी. वर्षाचं बाहेरचं काम या चार महिन्यांत उरकावं लागतं, हे वेळापत्रक कुठल्याही परदेशी पुस्तकात नसतं.

आता विषय सुरुवातीची रेषा. तर्रीला बसवायचं, मी तीन उड्या पुढे जाऊन उभी राहायचं, ‘चल’ म्हटलं की तिने सुटायचं. माझ्यापेक्षा ती कितीतरी जोरात पळते, त्यामुळे ही आघाडी मिळाली नाही तर पहिल्याच वळणावर मी तिच्या मागे. हॉलमध्ये हे पक्कं होतं. अंगणातही. मग फुटाळा तलावावर नेलं, आणि ‘बस’ हा शब्द तिने जन्मात ऐकला नसावा अशी उभी राहिली. समोर पाणी, मक्याची कणसं भाजणारे, सेल्फीवाले, बदकं.

हा हट्ट नव्हे. कुत्रं शब्द एकटा शिकत नाही, शब्दाबरोबर ती फरशी, तो वास, माझ्या मागची भिंत, सगळं शिकतं. जागा बदलली की त्यातलं अर्धं नाहीसं होतं. म्हणून नवी जागा आली की मी मागणी खाली आणते. आधी नुसतं बघू दे, हवं तेवढं. मग कलेजी खाते का? खात नसेल तर ती बिचकलेली आहे, दुसरं काही मागण्यात अर्थ नाही, घरी परत. खाल्ली तर पीळ. पीळ जोरात ओढला तर एकदा ‘बस’, एकदा ‘चल’, आणि संपलं. त्याच जागेवर जास्त वेळ राबवण्यापेक्षा दुसऱ्या दिवशी दुसरी जागा. सेमिनरी हिल्सची झाडी (खारी! अवघड), रेशीमबागेचं मैदान क्रिकेटच्या गर्दीत, वर्धा रोडला मेट्रोच्या पुलाखाली, सोसायटीच्या लग्नाच्या मांडवामागे. मांडवामागे तिने पहिल्या झटक्यात बसून दाखवलं. वास पनीरचा होता, कदाचित म्हणून.

फोनवर ओळखीचे विचारतात, आता किती अडथळे येतात? मी त्यांना किती जागा येतात ते सांगते. अडथळ्यांचं माणसांना अप्रूप. कुत्र्याला बोगदा म्हणजे भोक आणि उडी म्हणजे काठी, दोन्ही त्याला जन्मतःच समजतात.

सुभेदार काकांची भर: रेषेवर बसवून दर वेळी ‘चल’ म्हणून सोडू नको. मधेमधे परत ये, तिथेच खाऊ दे आणि पट्टा लाव. नाहीतर बसणं म्हणजे सुटण्याची वाट बघणं एवढंच तिच्या डोक्यात राहतं आणि बूड दर वेळी थोडं आधी उचललं जातं. करून पाहिलं. फरक चटकन दिसला.

२२ डिसेंबर

खांद्याच्या उंचवट्याची उंची मोजली: भिंतीला टेकवून, वर गुण्या धरून. ४७ सेंटिमीटर. एफसीआयच्या गटांत ३५ पेक्षा कमी ती लहान, ३५ ते ४३ च्या आतली मध्यम, ४३ ते ४८ च्या आतली इंटरमीडिएट, ४८ आणि वर मोठी. इंटरमीडिएटला बार ४५ ते ५०, मोठ्यांना ५५ ते ६०. म्हणजे तर्री अजून बोटभर वाढली तर आयुष्यभर दहा सेंटिमीटर जास्त उडी. मी ‘आता पुरे’ असं तिला सांगून ठेवलं आहे.

तिच्या मनगटाचा एक्स-रे काढला. पट्ट्या बंद झाल्यात, डॉक्टर म्हणाले हळूहळू वाढवा. आतापर्यंत बार तिच्या मनगटाइतका होता. आता ३० वर नेला, सरळ रांगेत, वळणं नाहीत, आठवड्यातून दोनदाच. उडीत आत्ता बघायचं ते एवढंच की दोन्ही मागचे पाय एकत्र सुटतात का आणि डोकं खाली राहतं का. डोकं वर करून माझ्याकडे बघत उडी मारली तर पाठ पोकळ होते आणि मागच्या पायांनी बार पडतो. उपाय सोपा: पीळ माझ्या हातात नाही, पुढे जमिनीवर ठेवायचा. बक्षीस जिथे, नजर तिथे.

१५ जानेवारी २०२५

काल संक्रांत. आज सराव नाही, मैदान झाडणं. बंदी असली तरी नायलॉन मांजा सगळीकडे: हरळीत, बाभळीवर, उडीच्या सांगाड्याला गुंडाळलेला. पळत्या कुत्र्याच्या पंजाला तो लागला तर गादी चिरते, आणि पक्ष्यांचं काय होतं ते झाडाखाली दिसलंच. भाचा आणि त्याचे मित्र, प्रत्येकी एक पोतं. हातात जाड मोजे. आठवडाभर इथे कुत्री सुटणार नाही.

८ फेब्रुवारी

उद्याच्या जागेवर संध्याकाळी चक्कर. तुरीचं शेत काढून सपाट केलेलं, वर हरळी, एका बाजूला संत्र्याची बाग. आंबिया बहराचा वास. तर्रीला लांब दोरीवर सगळं हुंगू दिलं, फाटक, मांडवाचे खांब, जनरेटर. कलेजी खाल्ली. पीळ ओढला. एकदा ‘बस’, एकदा ‘चल’. घरी.

९ फेब्रुवारी

कुत्र्याशिवाय कोर्स चालून बघायला दहा मिनिटं मिळाली. बारा अडथळे. चारनंतर बोगद्याची दोन तोंडं शेजारी-शेजारी, जवळचं चुकीचं. तिथे मी फ्रंट क्रॉस ठरवला आणि हात हलवत, पुटपुटत तीनदा चालले. सगळेच तसे चालत होते. बाहेर पोह्यांच्या गाडीवर उभा असलेला माणूस पोहे विसरून बघत राहिला.

पहिली फेरी. रेषेवर बसली. मी तीन उड्या पुढे गेले, मागे वळले, अजून बसलेली. स्पीकर खरखरला, तरी बसलेली. खरं सांगते, माझ्यापुरती स्पर्धा तिथेच झाली होती. ‘चल’. एक, दोन, तीन स्वच्छ, चौथ्याला बार पडला, आणि बार पडताच परीक्षकांनी दोष दाखवायला हात वर केला. तर्रीने तो हात पाहिला. मैदानाच्या मधोमध उभा एक अनोळखी माणूस हात उंच करतोय, म्हणजे त्याच्याकडे काहीतरी असणारच. बोगदा सोडून थेट त्यांच्यापुढे जाऊन बसली. किती सुंदर बसली! परीक्षक हसू दाबत दुसरीकडे बघत होते, कारण त्यांना तिच्याशी बोलायची मुभा नाही. हाक मारली, आली, बोगद्याच्या बरोबर तोंडातून गेली, पण पुढचे सगळे अडथळे एक डोळा परीक्षकांवर ठेवून. दोन नकार, बार एक.

दुसरी फेरी दुपारी, गट तोच, कोर्स उलटा. ऊन चढलं होतं, ती सावलीत ओल्या टॉवेलवर पडून होती. या वेळी बार पडला नाही, त्यामुळे हातही वर गेला नाही. शेवटून दुसऱ्या उडीला बाहेरून गेली, एक नकार, परत आणली. पाच दोष, आणि वेळेत. क्रमांक मधला कुठला तरी.

सुभेदार काका आले होते, तिसऱ्या उडीजवळ उभे. म्हणाले, “रेषा पक्की हाय. बाकीचं होते.”

११ फेब्रुवारी

काल पूर्ण विश्रांती, आज फक्त फुटाळ्याचा फेरा. पुढचं काम:

भाच्याला शिट्टी आणि टोपी देऊन मैदानाच्या मधोमध उभं करायचं. त्याने अधूनमधून हात वर करायचा, उघडा पंजा दोषाला, मूठ नकाराला, आणि तर्री जवळ आली तर झाड होऊन उभं राहायचं. त्याच वेळी पीळ माझ्याकडे. तो कंटाळला की कॉलनीतली वेगवेगळी माणसं, एकदा आईसुद्धा, कारण परीक्षक दर वेळी वेगळा असणार.

वीव्ह पोल मार्चमध्ये दोन-दोन खांबांच्या पद्धतीने सुरू. पहिला खांब नेहमी कुत्र्याच्या डाव्या खांद्याशी यायला हवा, तो कोन आधी, संख्या नंतर. एप्रिलच्या मध्यावर ऊन आम्हाला मैदानाबाहेर काढील, तोवर सहा खांब झाले तरी चालेल.

बारा खांबांची लोखंडी पट्टी वेल्डरकडे टाकली. दोन खांबांतलं अंतर ६० सेंटिमीटर. तो म्हणाला, “दोन फूट ना?” दोन फुटांनी बारा खांबांत दहा सेंटिमीटरांच्या वर फरक पडतो. कागदावर मोठ्या अक्षरात लिहून पट्टीला चिकटवून आले.